लुईची खुर्ची आणि हेमाडपंती देऊळ: शैलीचं नाव म्हणजे तारीख नव्हे



पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या अनेकांचा एक प्रश्न असतो. 'पुरावा' आणि 'वर्णन' यांत नेमका फरक काय? व्याख्या देऊन हे समजत नाही, उदाहरण लागतं. आजचं उदाहरण जरा लांबचं आहे, जुन्या फ्रेंच फर्निचरचं. रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा माणूस खुर्च्या-टेबलांवर का लिहितोय, असं वाटेल. पण थोडं थांबा. सुरुवात आपण बीडमधूनच करू.

बीड शहरातल्या कंकालेश्वर मंदिराबद्दल कुणालाही विचारा, उत्तर येतं, 'हेमाडपंती आहे.' हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. आता अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बघा. त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. पण तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं! मग हेमाडपंतांनी हे देऊळ कसं बांधलं? अर्थातच नाही बांधलं. 'हेमाडपंती' हे दगड चुना न घालता एकमेकांत बसवण्याच्या पद्धतीला आणि त्या धाटणीला नंतर चिकटलेलं नाव आहे. ते वर्णन आहे, तारीख नाही.

फ्रेंच फर्निचरमध्ये 'हेमाडपंत' या जागी 'लुई' हे नाव टाका. गोंधळ अगदी तोच आहे.

तीन लुई आणि त्यांच्या खुर्च्या

फ्रान्सच्या तीन राजांची नावं फर्निचरला लागली आहेत. चौदावा लुई (१६४३ ते १७१५), पंधरावा लुई (१७१५ ते १७७४) आणि सोळावा लुई (१७७४ ते १७९२). पुढे नेपोलियनच्या काळातल्या शैलीला 'एम्पायर' म्हणतात. ओळखायच्या खुणा साधारण अशा:

चौदाव्या लुईची शैली म्हणजे भारदस्तपणा. मोठे आकार, डावी-उजवी बाजू अगदी सारखी, कासवाच्या पाठीचं कवच आणि पितळ यांचं जडावकाम. दरबाराचा दबदबा दिसला पाहिजे, हा हेतू.

पंधराव्या लुईची शैली म्हणजे वळणं. पाय सरळ नसतात, इंग्रजी 'एस' अक्षरासारखे बाक घेत खाली येतात. शिंपले, वेली, फुलं यांचं कोरीवकाम असतं आणि बऱ्याचदा डावी-उजवी बाजू मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. यालाच रोकोको म्हणतात.

सोळाव्या लुईची शैली पुन्हा सरळ रेषेकडे येते. पाय सरळ, निमुळते, त्यांवर खांबासारख्या उभ्या खाचा. पाठ अंडाकृती किंवा चौकोनी. प्राचीन ग्रीक-रोमन नक्षी. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही ज्वालामुखीत गाडली गेलेली शहरं १७३८ आणि १७४८ पासून खणली जाऊ लागली, त्यातून युरोपात जुन्या रोमची जी आवड पसरली तिचा हा परिणाम.

यातली दुसरी शैली तुम्ही रोज नाही, पण दर लग्नसराईत नक्की बघता. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर नवरा-नवरीसाठी जो सोनेरी रंगाचा, लाल मखमलीचा, बाकदार पायांचा 'महाराजा सोफा' असतो ना, त्याचा आजोबा पंधराव्या लुईच्या पॅरिसमधला आहे. मधे बरीच स्थानकं लागली, पण ते वळण तिथलंच. या सोफ्याला कुणी 'अठराव्या शतकातला' म्हणणार नाही, हे आपल्याला सहज कळतं. अडचण येते ती महागड्या, जुनाट दिसणाऱ्या वस्तूंपाशी.

राजा जिवंत, शैली पुढची

आता पहिला फटका. 'सोळाव्या लुईची शैली' असं आपण म्हणतो, पण ती सोळावा लुई गादीवर येण्याआधीच आली होती. व्हर्सायच्या आवारातला पेटी त्रियानों हा छोटा महाल १७६२ ते १७६८ मध्ये बांधला गेला. सरळ रेषा, साधेपणा, सगळं 'सोळाव्या लुईचं'. पण राजा होता पंधरावा लुई आणि तो पुढे १७७४ पर्यंत जिवंत होता!

आणखी एक उदाहरण घ्या. पंधराव्या लुईसाठी बनवलेलं प्रसिद्ध लिहायचं मेज, ज्याला 'राजाचं मेज' म्हणतात, ते ओबेन या कारागिराने १७६० मध्ये सुरू केलं. तो मध्येच वारला. काम रीझनेरने १७६९ मध्ये पूर्ण केलं. एकाच मेजाला नऊ वर्षं आणि दोन हात लागले, आणि त्या नऊ वर्षांत पॅरिसची आवड बदलत होती. ते मेज बघताना बाकदार शरीर आणि नवी सजावट एकत्र दिसते ती त्यामुळे.

म्हणजे काय, तर राजांच्या कारकिर्दीची सनावळी आणि सुतारांच्या हाताची सनावळी वेगळी चालते. ही नावं सोयीसाठी पुढच्या पिढ्यांनी रुळवली. कप्पे सोयीचे असतात, म्हणून ते खरे ठरत नाहीत. तुमच्या विषयातही असे कप्पे असतील. ते कुणी आणि कधी पाडले, हे एकदा शोधून बघा.

शिक्का: जिथे खरा पुरावा सुरू होतो

मग अठराव्या शतकातली अस्सल वस्तू ओळखायची कशी? पॅरिसच्या सुतारांचा एक संघ होता. त्यात दोन प्रकारचे कारागीर. भरीव लाकडाच्या खुर्च्या, पलंग करणारे ते 'मनुइझिए'. लाकडाच्या सांगाड्यावर किमती लाकडाचा पातळ पत्रा, म्हणजे आपण ज्याला व्हीनियर म्हणतो तो, चिकटवून कपाटं, मेजं करणारे ते 'एबेनिस्त'. हे नाव एबनी म्हणजे काळ्या लाकडावरून आलं. खुर्चीवरचं कोरीवकाम, सोनेरी मुलामा, गादी, पितळी नक्षी ही कामं आणखी वेगवेगळ्या लोकांची. एक खुर्ची म्हणजे चार-पाच व्यवसायांची साखळी.

१७५१ पासून पॅरिसच्या उस्तादांना आपल्या वस्तूवर नावाचा शिक्का मारणं बंधनकारक झालं. संघाच्या तपासणीत वस्तू पास झाली की संघाचाही वेगळा शिक्का पडायचा. राज्यक्रांतीत, १७९१ मध्ये, हे संघच बरखास्त झाले. राजासाठी थेट काम करणाऱ्यांना सूट होती, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे वस्तू नकली असंही होत नाही. आणि शिक्का खोटाही मारता येतो. म्हणजे शिक्का हा पुरावा आहे, निकाल नाही.

राज्यक्रांतीने आणखी एक गोष्ट केली. ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ या वर्षभरात व्हर्साय राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. सतरा हजारांहून जास्त लॉट. राजाचं घर जगभर विखुरलं. इंग्रज सरदारांनी घेतलं, पुढे अमेरिकन कोट्यधीशांनी घेतलं. आणि जे अस्सल मिळेना, ते पॅरिसच्या कारखान्यांनी पुन्हा बनवायला घेतलं. एकोणिसाव्या शतकात 'लुई शैलीचं' फर्निचर हा मोठा धंदा होता. त्यात फसवणूक नव्हती. गिऱ्हाइकाला माहीत असायचं की माल नवा आहे. पण शंभर-दीडशे वर्षं गेली, बिल हरवलं, माहीत असलेली माणसं गेली, की तीच वस्तू 'अँटिक लुई' होऊन बसते.

इंदूर: एकाच घराण्याचे दोन वाडे

आता आपल्या माणसांकडे येऊ. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे बीड जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असतं. त्याच होळकर घराण्याने पुढे इंदूरमध्ये दोन असे वाडे उभे केले की फ्रेंच शैलीचा पूर्ण धडा तिथेच शिकता येतो.

पहिला लालबाग पॅलेस. १८८६ मध्ये काम सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने १९२१ पर्यंत चाललं. आत बरोक, रोकोको अशा युरोपीय धाटणीची सजावट, रंगवलेली छतं, सोनेरी नक्षी, झुंबरं. शिंद्यांचा ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा याच वाटेवरचा, तो १८७४ चा. साल नीट लक्षात घ्या. १८७४ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद होऊन ८१ वर्षं झाली होती. या वाड्यांत 'लुई' धाटणीचं काही दिसलं तर ते कुठल्या काळाबद्दल बोलतं? माझ्या मते ते लुईच्या फ्रान्सबद्दल फार थोडं सांगतं. १८७० ते १९२० मधल्या हिंदुस्थानातल्या संस्थानिकांबद्दल मात्र खूप सांगतं. व्हाइसरॉय आला तर त्याला ओळखीची वाटेल अशी, पण त्याच्या घरापेक्षा भव्य बैठक हवी. ही राजकारणाची खुर्ची आहे.

दुसरा वाडा माणिकबाग. यशवंतराव होळकर दुसरे (१९०८ ते १९६१) ऑक्सफर्डला शिकले. त्यांच्या पत्नी संयोगिताराणी कागलच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडच्या. विशीतल्या या जोडप्याने वडिलांच्या पिढीच्या सोनेरी रोकोकोकडे पाठ फिरवली. एकार्ट मुथेसिउस या बर्लिनच्या तरुण वास्तुविशारदाला बोलावलं आणि १९३० ते १९३३ या काळात अगदी नव्या वळणाचं घर उभं केलं. आत फर्निचर कुणाचं? रुलमान यांचं, जे त्या काळात फ्रान्सचे सर्वात मोठे एबेनिस्त मानले जात. लुई सोन्यो आणि शार्लोट अलिक्स यांनी केलेले धातू आणि काचेचे पलंग. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आयरिश आयलीन ग्रे यांची ट्रान्सॅट खुर्ची. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोट पेरियाँ यांची १९२८ मधली आरामखुर्ची, तीही बिबट्याच्या कातड्याने मढवलेली. ब्रुन्स यांचे गालिचे, प्युईफोर्का यांची चांदीची भांडी.

गंमत बघा. लालबागमधली सजावट 'जुनी फ्रेंच' दिसते, पण तो जुन्याचा नव्याने केलेला उतारा आहे. माणिकबागेतलं फर्निचर 'जुनं' अजिबात दिसत नाही, पण ते त्या-त्या सालचं, त्या-त्या कारागिराचं अस्सल काम आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवला तर उत्तर उलटं येतं.

आणि रुलमान यांना नुसतं 'आधुनिक' म्हणूनही भागत नाही. किमती लाकडाचा व्हीनियर, बारीक सांधे, श्रीमंत गिऱ्हाईक, ही अठराव्या शतकातल्या एबेनिस्तांचीच परंपरा. बाहेरचा आकार बदलला, हात तोच राहिला. म्हणून 'जुनी शैली' आणि 'जुनी परंपरा' यांनाही वेगळं ठेवावं लागतं.

माणिकबागेचं आपल्याला इतकं कसं माहीत?

हा भाग संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाचा. १९२९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात रुलमान यांनी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होणाऱ्या एका काल्पनिक युवराजाची अभ्यासिका मांडली होती, त्याची नोंद आहे. वाडा पूर्ण झाल्यावर आतल्या खोल्यांचे फोटो घेतले गेले, त्यात वस्तू जागेवर दिसतात. पुढे संस्थान विलीन झालं, घरात सरकारी कार्यालय आलं, आणि १९८० मध्ये मोनॅकोला सदबीजने या फर्निचरचा लिलाव केला. लिलाव म्हटला की कॅटलॉग आला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर खास प्रदर्शन भरवलं, तेव्हा जगभर पांगलेल्या वस्तू पुन्हा एकत्र मांडल्या गेल्या.

म्हणजे कारागीर, गिऱ्हाईक, खोली, लिलाव, संग्रहालय अशी साखळी आहे. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याच्या या सलग इतिहासाला इंग्रजीतून आलेला शब्द आहे प्रॉव्हेनन्स. आपल्या भाषेत सांगायचं तर वस्तूचा सातबारा आणि फेरफार. जमिनीच्या व्यवहारात आपण 'दिसायला चांगली आहे' म्हणून सही करत नाही, फेरफार बघतो. वस्तूच्या बाबतीत मात्र 'दिसायला लुईसारखी' एवढ्यावर गाडी थांबते.

आता हाच चष्मा लावून हैदराबादला जा. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सालारजंग संग्रहालय तसं आपल्याला परकं नाही. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान (१८८९ ते १९४९) यांनी युरोपभरातून वस्तू जमवल्या, त्यात फ्रेंच फर्निचरही आहे. तिथल्या हस्तिदंती खुर्च्यांबद्दल सांगितलं जातं की त्या सोळाव्या लुईने टिपू सुलतानाला भेट दिल्या. वाचल्यावर लगेच 'खरं' किंवा 'खोटं' म्हणू नका. वाक्याचे तुकडे करा. टिपूचे वकील फ्रान्सला गेले होते का? हो, १० ऑगस्ट १७८८ ला व्हर्सायमध्ये सोळाव्या लुईने त्यांची भेट घेतली. राजाने भेटी दिल्या का? हो, सेव्रच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या नोंदी आहेत. पण यातून 'याच खुर्च्या' सिद्ध होतात का? नाही. त्यासाठी भेटींच्या यादीत खुर्च्या दिसल्या पाहिजेत, खुर्च्यांची बनावट फ्रान्सची आहे की हस्तिदंती कामासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्याकडच्या विशाखापट्टणमसारख्या ठिकाणची, ते तपासलं पाहिजे, आणि श्रीरंगपट्टण ते हैदराबाद हा प्रवास कागदावर सापडला पाहिजे. पार्श्वभूमी खरी असणं आणि दावा खरा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायवाला पोरं इथेच अडकतात.

प्रयोगशाळा काय सांगते आणि काय नाही

आता माझ्या विषयाकडे. 'सर, कार्बन डेटिंग करून टाकायचं की,' असं कुणीतरी म्हणणारच. साधारण १६५० ते १९५० या काळासाठी कार्बन डेटिंगची आलेखरेषा इतकी वरखाली होते की एका मोजमापाला अनेक साल जुळतात. १७६० की १८६०, हे ती नीट सांगू शकत नाही. इथे साध्या गोष्टी जास्त कामाच्या:

करवतीच्या खुणा बघा. हाताच्या करवतीने सरळ रेषा उमटतात. गोल पात्याच्या यंत्राने कमानीसारख्या उमटतात, आणि ते यंत्र सुतारकामात रुळलं एकोणिसाव्या शतकात.

व्हीनियरची जाडी बघा. हाताने कापलेला पत्रा जाड असतो, यंत्राने सोललेला कागदासारखा पातळ.

पॉलिश बघा. आपल्याकडचे सुतार लाखेच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवून जे पॉलिश मारतात, त्याला 'फ्रेंच पॉलिश' म्हणतात. नाव फ्रेंच, पण लाख आपल्याच झारखंड-छत्तीसगडकडच्या जंगलातल्या किड्यांची! ही पद्धत युरोपात पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अतिनील प्रकाशाखाली लाखेचा थर नारिंगी चमकतो, म्हणून तो ओळखता येतो. पण सावध राहा. अठराव्या शतकातल्या खुर्चीला नंतर कुणी पॉलिश मारलेलं असू शकतं. तुम्ही पॉलिशचं वय शोधलं, खुर्चीचं नाही.

वार्षिक कडी मोजूनही तारीख काढतात. पण ती सांगते झाड केव्हा तोडलं, किंवा त्याआधीचं साल. खुर्ची त्यानंतर कधीही बनलेली असू शकते.

हे केवळ पुस्तकी नाही. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये उघड झालं की अठराव्या शतकातल्या म्हणून विकल्या गेलेल्या काही राजेशाही खुर्च्या नकली होत्या, आणि गिऱ्हाइकांत खुद्द व्हर्साय राजवाडा होता. बनवणारे कोण? या विषयावर ग्रंथ लिहिलेला मान्यवर तज्ज्ञ आणि एक अव्वल लाकूड-कोरीव कारागीर. जुने लाकडी सांगाडे स्वस्तात घेऊन त्यांनी काम केलं होतं. लाकूड खरंच जुनं, खुर्ची नवी! २०२५ मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी ठरवलं. ज्याच्या शब्दावर जग 'अस्सल' म्हणत होतं, त्याच माणसाने नकली माल बाजारात आणला. म्हणून संशोधनात 'अमुक सर म्हणतात' हा पुरावा धरत नाहीत. सरांनी काय दाखवलं, हे विचारायचं असतं.

तुमच्या कामासाठी

कुठलीही वस्तू, हस्तलिखित, इमारत किंवा नमुना हातात आला की वहीत चार रकाने पाडा.

१. शैली: ती कशासारखी दिसते?
२. साहित्य: ती कशाची आहे आणि ते साहित्य किती जुनं आहे?
३. बनावट: ती कशी आणि कुठल्या हत्यारांनी केली?
४. हस्तांतर: ती कुणाकडून कुणाकडे आली आणि त्याचा कागद कुठे आहे?

पहिल्या रकान्यातलं उत्तर उचलून बाकीच्या तिघांत टाकायचं नाही, एवढा एकच नियम. चारही रकाने एकमेकांशी जुळले तर निष्कर्ष पक्का. एखादा जुळत नसेल तर घाबरू नका. लालबागची 'लुई' धाटणी जुळत नाही, म्हणूनच ती आपल्याला संस्थानिकांच्या महत्त्वाकांक्षेची गोष्ट सांगते. वस्तू नकली ठरली म्हणून निरुपयोगी होत नाही, ती फक्त दुसऱ्या काळाचा पुरावा होते. कित्येकदा चांगला संशोधनप्रश्न याच फटीत सापडतो.

सराव म्हणून एक काम करा. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयातलं सर्वात जुनं मेज किंवा गावातल्या एखाद्या वाड्यातलं कपाट निवडा. मालकाला विचारून बघा, वाकून खालची बाजू बघा, मागची फळी बघा. कारागीर समोरच्या बाजूला सजावट करतो, पण करवतीच्या खुणा मागे राहतात. एका पानात चार रकाने भरा आणि ज्या रकान्यात काहीच मिळालं नाही तो कोराच ठेवा. अंदाजाने भरू नका. सिनॉप्सिसमध्ये कोरा रकाना दिसला तर गाइड विचारतील, 'हे कसं शोधणार?' त्याचं उत्तर म्हणजेच तुमची संशोधनपद्धती.

पुढच्या लेखात चौथ्या रकान्याबद्दल, म्हणजे जुन्या दफ्तरातून आणि लिलावाच्या कॅटलॉगमधून नोंदी कशा काढायच्या याबद्दल बोलू. तोपर्यंत कुणी 'हेमाडपंती' म्हणालं की हळूच विचारा, 'म्हणजे दिसायला, की सालाने?'